गहू उभा, हरणखुरी आडवी

गव्हात टू-फोर-डी मारल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर उभे राहिले, तर काही घडले आहे असे वाटत नाही. गहू तसाच हिरवा आणि ताठ असतो. वाकून ओळींमध्ये पाहिले की मग दिसते. चंदनबटव्याचे शेंडे मान टाकल्यासारखे वळलेले असतात, हरणखुरीच्या वेलीला उलटसुलट पीळ पडलेला असतो, पानांचे देठ भलतीकडेच वळलेले असतात. आठवडाभरात खोडे सुजतात, चिरतात, पाने पिवळी पडतात. दोन-तीन आठवड्यांत तण वाळून जाते. तेच पाणी, त्याच पंपातले तेच औषध गव्हाच्याही अंगावर पडलेले असते, आणि गव्हाची वाढ चालूच राहते.

शेतकरी आणि दुकानदार ज्याला सरसकट ‘टू-फोर-डी’ म्हणतात, ते २,४-डायक्लोरोफेनॉक्सीॲसेटिक आम्ल. बाजारात ते सोडियम क्षाराच्या भुकटीत मिळते, अमाईन क्षाराच्या द्रवात मिळते आणि एस्टरच्या रूपातही मिळते. बाटली उघडली की फिनॉलसारखा उग्र वास येतो. गहू, ज्वारी, मका, भात, ऊस या पिकांत जगभर ते ८० वर्षे वापरात आहे. त्यानंतर कितीतरी नवी तणनाशके आली आणि त्यांतली बरीच मागेही पडली, पण हे स्वस्त औषध टिकून राहिले. म्हणूनच ते नीट समजून घ्यायला हवे. शेतकऱ्याने तर हवेच, पण पोळी आणि भाकरी खाणाऱ्या पुणेकरानेही हवे.

या औषधाची गोष्ट तणापासून सुरू होत नाही, एका कुतूहलापासून सुरू होते. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० साली वनस्पतींच्या हालचालींवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. फॅलॅरिस नावाच्या गवताचे कोवळे कोंब उजेडाकडे वळतात. पण कोंबाचा शेंडा झाकला तर ते वळत नाहीत, असे त्यांना आढळले. म्हणजे उजेड कळतो शेंड्याला आणि वळतो खालचा भाग. मधे काहीतरी निरोप जात असला पाहिजे. १९२८ मध्ये हॉलंडमधल्या फ्रिट्स वेंट यांनी ओट्सच्या कोंबांचे शेंडे कापून अगरच्या तुकड्यांवर ठेवले, आणि नंतर तो नुसता तुकडा शेंडा कापलेल्या कोंबावर एका बाजूला ठेवून कोंब वाकवून दाखवला. तो निरोप म्हणजे एक रसायन होते. त्याला ऑक्सिन हे नाव मिळाले. झाडाने किती लांबायचे, कुठे वाकायचे, मुळे कुठे फोडायची, हे पुष्कळ अंशी या संप्रेरकावर ठरते.

ऑक्सिनसारखे वागणारे पदार्थ प्रयोगशाळेत बनू लागले, तेव्हा लोकांच्या डोक्यात होते ते झाडे वाढवण्याचे. मारण्याची कल्पना दुसऱ्या महायुद्धात आली. इंग्लंडमध्ये विल्यम टेम्पलमन यांना १९४० मध्ये आढळले की ऑक्सिनच्या जातीचे एक रसायन ओट्सच्या शेतात घातले तर रानमोहरी मरते, ओट्स मात्र सुखरूप राहतात. अमेरिकेत झिमरमन आणि हिचकॉक यांनी १९४२ मध्ये २,४-डी या रेणूचा झाडांवरचा जबरदस्त परिणाम नोंदवला. शत्रूची पिके नष्ट करता येतील का, याचा विचार दोन्हीकडे गुप्तपणे चालू होता. १९४४ मध्ये चार्ल्स हॅमनर आणि हॅरोल्ड टुकी यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात शेतातल्या प्रयोगाचे निष्कर्ष छापले. त्यांनी ज्या तणावर २,४-डी वापरून पाहिले, ते आपल्या गव्हाच्या शेतातही असते. तीच हरणखुरी. तिची मुळे इतकी खोल जातात की खुरप्याने वरचा वेल कितीही वेळा काढला तरी ती पुन्हा फुटते. औषध पानांतून शिरून मुळांपर्यंत उतरले, हीच त्या प्रयोगातली मोठी गोष्ट होती.

टू-फोर-डीमुळे झाड ‘वाढून वाढून मरते’ असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. झाड स्वतःचे ऑक्सिन गरजेपुरते बनवते आणि काम झाले की लगेच मोडून टाकते. २,४-डी त्याला तितक्या सहज मोडता येत नाही. पेशीत टीआयआर-१ नावाचे एक प्रथिन असते. ऑक्सिन आले की ते वाढीला लगाम घालणाऱ्या प्रथिनांना धरते आणि मोडीत काढायला पाठवते. हे कोडे २००५ मध्ये उलगडले. २००७ मध्ये या प्रथिनाची रचनाच दिसली, तेव्हा कळले की ऑक्सिन त्या दोन प्रथिनांच्या मधे बसून त्यांना एकमेकांना चिकटवते. २,४-डीही नेमके तिथेच बसते. पण ते लवकर मोडले जात नाही, त्यामुळे लगाम सुटतो तो सुटतोच. इथिलीन आणि ॲबसिसिक आम्ल ही दुसरी संप्रेरके वाढतात, पर्णरंध्रे मिटतात, अन्न वाहून नेणाऱ्या नळ्या सुजलेल्या ऊतींत चेंगरतात. झाडाच्या आत सगळे हुकूम एकदम सुटतात आणि त्या गोंधळात ते मरते.

मग गहू का वाचतो? याची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. गव्हाची पाने अरुंद आणि उभी असतात, त्यामुळे थेंब त्यांवर कमी टिकतात. वाढीचा कोंब पानांच्या आवरणात खोल लपलेला असतो. रुंद पानांच्या झाडांत खोड जाड करणारा ऊतींचा थर असतो. सुजायची सुरुवात तिथूनच होते, आणि गवतात तो थरच नसतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गव्हाच्या पेशी २,४-डीच्या रेणूत बदल करून, त्याला साखरेशी बांधून, चटकन निरुपद्रवी करतात. पण इथे एक गफलत होते. ‘एकदल सुरक्षित, द्विदल मरते’ असा नियम पाठ केला जातो. मुळा-मुठेवर हिरवी चादर पसरणारी जलपर्णी एकदलच आहे, तरी ती या औषधाने मरते. वाचण्याची ही शक्ती सगळ्या एकदलांत नाही, ती गवताच्या कुळात आहे.

आणि गहूही नेहमीच वाचतो असे नाही. पीक फार कोवळे असताना मारले तर कांद्याच्या पातीसारखी नळीदार पाने येतात, ओंब्या वेड्यावाकड्या निघतात. कांडे धरू लागल्यावर मारले तर ओंबीत दाणे भरत नाहीत. म्हणून पेरणीनंतर साधारण ३० ते ३५ दिवसांनी, फुटवे आलेले असताना मारायचे, असा सल्ला असतो. हेक्टरी साधारण अर्धा किलो क्रियाशील घटक आणि ५०० लिटर पाणी. म्हणजे एकराला २०० लिटर, पाठीवरच्या १५ लिटरच्या पंपाने १३-१४ पंप. पाणी वाचवायचे म्हणून ६ पंपांत एकर उरकले, तर औषध जागोजागी दाट पडते आणि मधे पट्टे कोरडे राहतात.

भारतात २,४-डीच्या चाचण्या १९४६ मध्ये झाल्या. त्याआधी, १९३७ मध्ये, पंजाबात सोडियम आर्सेनाइट वापरून रानटी करडई मारायचा प्रयत्न झाला होता. आपल्याकडे रसायनाने तण मारण्याची नोंदलेली सुरुवात ती, आणि तीही सोमलाच्या क्षाराने. त्यापुढे २,४-डी किती सौम्य वाटले असेल! मातीतले जिवाणू ते खाऊन टाकतात. हवा खेळती असलेल्या उबदार, ओलसर जमिनीत त्याचे निम्मे प्रमाण आठवडा-दीड आठवड्यात संपते. साचलेल्या पाण्याखाली, हवेविना, ते बरेच जास्त टिकते. आर्सेनिक तर मूलद्रव्यच, ते कशानेच मोडत नाही.

औषध देशात आल्यानंतर दहा वर्षांच्या आत पुण्यात एक पाहुणी वनस्पती दिसली. आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात भारतासाठी नवी म्हणून तिची नोंद केली. पार्थेनियम हिस्टेरोफोरस तिचे नाव. लोक तिला गाजर गवत म्हणतात, काँग्रेस गवतही म्हणतात. ती पीएल-४८० या अन्नमदतीच्या करारातल्या अमेरिकन गव्हाबरोबर आली, अशी ठाम समजूत आहे. पण भारताचा तो करार ऑगस्ट १९५६ मधला, आणि हे तण पुण्यात १९५५ मध्येच दिसल्याचे सांगितले जाते. त्याआधी १९५१ मध्ये अमेरिकेने दिलेल्या कर्जातून गहू आलाच होता. त्यामुळे धान्याबरोबर बी आले असणे शक्य आहे, फक्त सगळा दोष एका कराराच्या नावावर टाकता येत नाही.

गाजर गवत हे गवत मुळीच नाही. ते सूर्यफुलाच्या कुळातले, रुंद पानांच्या गटातले झुडूप आहे. म्हणून कोवळे असताना २,४-डीने ते मरते. फुलावर आले की तितके सहज मरत नाही, आणि तोपर्यंत हजारो बिया तयार होण्याच्या वाटेवर असतात. त्यातल्या पार्थेनिन या रसायनामुळे होणारा त्वचारोग डॉक्टरांनी १९७० च्या दशकात सविस्तर मांडला. हातांना, मानेला, पापण्यांना भेगा पडेपर्यंत खाज सुटलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे तण नुसते कुरूप वाटत नाही, त्याची भीती वाटते. १९८३ मध्ये मेक्सिकोतून झायगोग्रामा नावाचा भुंगा बंगळूरला आणला गेला आणि पुढच्या वर्षी सोडला गेला. तो मुख्यतः याच झाडाची पाने खाऊन जगतो. पावसाळ्यात पुण्याच्या मोकळ्या प्लॉटवर फुले येण्याआधी चाळणी झालेले गाजर गवत दिसले, तर ते काम या भुंग्याचे समजावे आणि तिथे औषध मारू नये.

आता मूळ शेताकडे. ‘तण खाई धन’ हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. ते धन राखले कोणी, हे मात्र फार कमी लिहिले गेले आहे. पश्चिम महाराष्ट्रात भांगलण, विदर्भात निंदण, आणि दोन्हीकडे उकिडवे बसून पुढे सरकणाऱ्या बायका. आखूड मुठीचे खुरपे, दिवसभर वाकलेली कंबर, गुडघे, वर ऊन. सावडीने एकमेकींच्या रानात जायच्या तेव्हा गप्पागाण्यांत दिवस सरला असेल, पण पाठ दुखायची राहिली नसेल. तणनाशकावर टीका करणाऱ्यांनी हे आधी मनापासून मान्य करावे, असे मला वाटते. पाऊस लागून राहिला, रान वाफशावर येत नाही, गावात मजूर मिळत नाहीत आणि बाजरी तणात बुडत चालली आहे, अशा वेळी शेतकरी पंप उचलतो तो आळसाने नव्हे. त्याच पंपामुळे भूमिहीन बाईचा हंगामातला रोजगार जातो, हेही तितकेच खरे. या दोन्ही गोष्टी एकाच गावात, कधी कधी एकाच घरात घडतात.

भांगलायला गेलेल्या बाईच्या ओट्यात संध्याकाळी भाजी असायची. तांदुळजा, माठ, घोळ, पाथरी, कुर्डूची कोवळी पाने. गव्हातला चंदनबटवा तर चाकवताच्याच जातकुळीतला. ही यादी आणि २,४-डीने मरणाऱ्या तणांची यादी शेजारी ठेवली, तर त्या बऱ्याच जुळतात. हे औषध रुंद पान पाहते. ते पान पिकाच्या तोंडचा घास काढणारे आहे की ताटात येणारे आहे, हे त्याला कळत नाही. राज्याचे कृषी आयुक्तालय पुण्यात आहे. ऑगस्टमध्ये कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो, आणि पिकांच्या शिफारशींमध्ये तणनाशकांची मात्राही हाच विभाग सांगतो. दोन्ही कामे गरजेची आहेत. पण महोत्सवातली जुडी कुठल्या रानातून आली, हे विचारायची सवय आपण लावून घ्यायला हवी. फवारलेल्या रानातली पालेभाजी खाऊ नये, गुरांनाही घालू नये. माठासारख्या तणांत २,४-डी पडल्यावर नायट्रेट वाढू शकते आणि ते जनावरांना बाधते. फवारणी कधी झाली हे शेजारच्या रानात भांगलणाऱ्या बायकांना सांगणे ही मालकाची जबाबदारी आहे. त्यासाठी वेगळा कायदा कशाला हवा?

तणापलीकडे पिकांचाही प्रश्न आहे. आपल्याकडे शाळूत करडईच्या ओळी असतात, बाजरीत तूर आणि मटकी असते, गव्हाच्या कडेला मोहरी किंवा जवस असतो. टू-फोर-डी सलग, एकट्या धान्याच्या शेतासाठी बनलेले आहे. मिश्र पिकात ते मारले तर कडधान्य आणि तेलबिया आधी जातात. ज्या शेतकऱ्याने हे औषध धरले, त्याने कळत-नकळत मिश्र पीक सोडले. मटकी आणि जवसाचा घरचा साठा ज्या घरांतून नाहीसा झाला, त्यामागे बाजारभाव आहेत, यंत्राची पेरणी आहे, आणि हेही एक कारण आहे.

वाऱ्याचे तर विचारूच नका. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, जुन्नर-आंबेगाव-शिरूरकडे, एका बांधाच्या अलीकडे बाजरी किंवा गहू आणि पलीकडे टोमॅटो किंवा द्राक्षबाग असे चित्र नेहमीचे आहे. टोमॅटो, द्राक्ष आणि कापूस ही तिन्ही पिके या औषधाच्या बाबतीत विलक्षण हळवी आहेत. डोळ्यांना न दिसणारा तुषार वाऱ्याने गेला तरी टोमॅटोची पाने दोरीसारखी वळतात, द्राक्षाची पाने पंख्यासारखी चुण्या पडून उमलतात, कपाशीची पाने भेंडीच्या पानांसारखी चिरली जातात. एस्टर प्रकारची वाफ होते, त्यामुळे दुपारच्या उन्हात मारलेले औषध फवारणी संपल्यानंतरही उठून शेजारी जाऊ शकते. अमाईन क्षार त्यामानाने बसून राहतो. ज्याच्या शेजारी बाग आहे त्याने एस्टर घेऊच नये, आणि वारा पडलेला नसेल तर कुठलाच प्रकार मारू नये.

घरच्या घरीही नुकसान होते, ते पंपामुळे. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, असे प्रत्येक शेतकी अधिकारी सांगतो. तरी एकाच पंपाने आज गव्हात टू-फोर-डी आणि पुढच्या आठवड्यात टोमॅटोवर कीटकनाशक मारले जाते. नळीच्या आत, वॉशरच्या खाचेत राहिलेला अंश टोमॅटोला पुरतो. दुसरा पंप घेणे शक्यच नसेल तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने तो पुन्हा पुन्हा धुवावा, नळी आणि नोझलसकट, आणि ते पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नये. नोझलही तणनाशकासाठी सपाट पंख्यासारखा फवारा देणारे लागते. किडीसाठीचे बारीक धुके उडवणारे नोझल इथे शेजाऱ्याशी भांडण लावून देते.

माणसाच्या शरीराबद्दल लोक दोन टोकांचे बोलतात. ‘हे एजंट ऑरेंज आहे’ असे एकजण म्हणतो, ‘पिऊन दाखवतो’ असे दुसरा म्हणतो. अमेरिकेने युद्धाच्या काळात व्हिएतनामवर फवारलेल्या एजंट ऑरेंजमध्ये निम्मे २,४-डी होते, हे खरे. पण त्यातली भयानक डायऑक्सिनची भेसळ आली ती दुसऱ्या अर्ध्यातून, २,४,५-टी या भावंडातून. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये २,४-डीला ‘कर्करोगकारक असू शकते’ या गटात टाकले. ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकाला तिने त्याच वर्षी त्याच्या वरच्या गटात ठेवले. लगेच होणारा धोका डोळ्यांना आहे. या औषधाचे आम्ल आणि क्षार डोळ्यांना गंभीर इजा करतात. आपल्याकडे तोंडाला रुमाल बांधतात आणि डोळे उघडे ठेवतात. चष्मा हवा, हातमोजे हवेत, फुलपँट हवी. पिऊन दाखवणारा माणूस दवाखान्यात पोचतो.

कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे आणि तणनाशकेही त्याच कायद्याखाली येतात. केंद्र सरकारने मे २०२० मध्ये २७ औषधांवर बंदी घालण्याचा मसुदा काढला, त्यात २,४-डीही होते. २०२३ च्या अंतिम बंदी आदेशात ते नव्हते. म्हणजे आज ते कायदेशीर आहे, आणि ते कुठल्या पिकात, किती, केव्हा मारायचे हे डब्यावरच्या पत्रकात छापलेले असते. ते पत्रक इतक्या बारीक अक्षरांत असते की भिंग लागावे. शेतकऱ्याला दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर चालावे लागते, ही गोष्ट मला संतापजनक वाटते.

उत्तरेत या औषधाने आणखी एक धडा दिला. पंजाब-हरियाणाच्या गव्हात रुंद पानांची तणे मारली गेली, तेव्हा रिकामी जागा गवतवर्गीय तणांना मोकळी झाली. बुटका गहू, भरपूर पाणी आणि खत यांनी त्यांना साथ दिली. त्यांतले मुख्य फॅलॅरिस मायनर, तिकडचे गुल्लीडंडा. डार्विन पिता-पुत्रांनी ज्या गवताच्या कोंबावर ऑक्सिनचा पहिला माग काढला, त्याचाच हा भाऊबंद. २,४-डीपुढे तो गव्हासारखाच निश्चिंत. मग त्यासाठी आयसोप्रोट्युरॉन आले. वर्षानुवर्षे तेच एक मारत राहिल्याने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हरियाणात त्यालाही न जुमानणारे फॅलॅरिस सापडले. भात-गहू-भात असे एकाच चाकोरीतले पीक जिथे होते, तिथे हे सर्वांत लवकर घडले. पीक बदलले, मधे बरसीम किंवा ऊस घेतला, तिथे तण आटोक्यात राहिले.

महाराष्ट्राच्या कोरडवाहू शाळूत मात्र औषधाला एक काम करताच येत नाही. काळ्या रानाला थंडीत भेगा पडतात आणि त्यातून ओल उडून जाते. म्हणून पीक ३ आठवड्यांचे असताना फटीच्या कोळप्याने, ५ आठवड्यांनी पासेच्या कोळप्याने आणि ८ आठवड्यांनी दातेरी कोळप्याने कोळपणी करावी, अशी शिफारस आहे. पहिल्या दोन कोळपण्यांत तण कापले जाते. तिसरीत माती भेगांत लोटली जाते. शेवटचा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरचा आणि कणीस भरते जानेवारीत, अशा पिकाला या तिसऱ्या कोळपणीने वाचलेली ओल दाणा भरेपर्यंत पुरते. बैल कमी झाल्यामुळे हे काम अडले आहे, पण थांबलेले नाही. ४५ सेंटिमीटरच्या दोन ओळींमधून एक माणूस ढकलत नेतो ते सायकल कोळपे आता बऱ्याच गावांत आहे, आणि शाळूच्या शेजारी करडईची ओळ असली तरी ते दोन्हींच्या मधून सारखेच जाते.